गुरुवारी उघडं असतं का?

सकाळी ७
भोसरीत गुरुवार म्हणजे रविवार. एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे रस्त्यावर शिफ्टच्या बस नाहीत की टेम्पोंचे हॉर्न नाहीत. आमचं काम मात्र चालू. या पट्ट्यातून संग्रहालयं बघायला निघणाऱ्यांना सहल आखून देणारी वेबसाइट आम्ही तिघं करतोय, आणि तिची परीक्षा आजच. सुट्टीचा माणूस सकाळी फोन हातात घेऊन आधी वेळ शोधतो. इतिहास नंतर.

साडेनऊ
चिंचवडच्या चापेकर वाड्याचं पान २२ जून १८९७ च्या रात्रीपासून सुरू होत होतं. गणेशखिंडीचा रस्ता, प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी, मग दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव या तिन्ही भावांना फाशी. मजकूर चांगला आहे, पण ‘कसे याल’ दिसायला अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागायचं. आज तो मजकूर खाली नेला. वर चारच ओळी: आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, तिकीट किती, गाडी कुठे लावायची. चिंचवडगावात चारचाकी नेण्याचा हट्ट धरणाऱ्याला चौथी ओळच आधी लागते.

अकरा ते दीड
आठवड्याची सुट्टी कॉम्प्युटरला सांगणं सोपं, एक वार टाकला की झालं. गाडं अडतं ते तिथीपाशी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते, दुसऱ्या दिवशी आकुर्डीत मुक्काम. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची वाहतूक तेव्हा वळवलेली असते. चिंचवडचं सायन्स पार्क नकाशावर कितीही जवळ दिसो, पोचणं तुमच्या हातात नसतं. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या पेठांत गाडी नेण्याचा विचारच करू नये. हे दिवस दरवर्षी तारीख बदलतात, अधिक महिना आला की एकदम मोठी उडी. म्हणून पंचांग उघडून तक्ता हातानेच भरतोय. त्यात ‘बंद’ असा एक रकाना आहे, आणि ‘उघडं, पण पोचणं अवघड’ असा दुसरा. हा दुसरा रकाना भरणं मला सगळ्या वेबसाइटमधलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. डिझाइनच्या बक्षिसासाठी त्याचं चित्र कुणी पाठवणार नाही, हे वेगळं.

दोन
डबा उघडला आणि चाकणजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन. “मॅडम, वस्तू किती ते राहू द्या. पोरांनी डबे कुठं खायचे आणि मुलींसाठी बाथरूम आहे का, तेवढं लिहा.” लिहिलं.

साडेतीन
पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेला संग्रह २०,००० वस्तूंच्या वर गेला; मांडलेल्या सुमारे २,५००. आकडा वाचून लोक एकतर बिचकतात, नाहीतर अर्ध्या तासात उरकतात. आम्ही दोन वाटा दिल्या. तासभर असेल तर दिवे, अडकित्ते आणि कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल. अर्धा दिवस असेल तर सगळं. पिंपरीहून स्वारगेटची मेट्रो धरायची, मंडईला उतरायचं, शुक्रवार पेठेत चालत जायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये ही मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली आणि पार्किंगचा आमचा लांबलचक परिच्छेद तीन ओळींवर आला.

साडेपाच
शेजारचे फॅब्रिकेशनवाले काका आज घरी. फोनची काच तडकलेली, दिवसाचा डेटा संपत आलेला. केळकर संग्रहालयाचं पान त्यांना उघडायला दिलं, तर वरचं मोठं छायाचित्र उतरेपर्यंत त्यांनी ते बंदही केलं. “फोटो कशाला ताई? तिथं जाऊन बघायचंच आहे की.” छायाचित्र काढलं. पान आता झटकन उघडलं, तर पुढचा प्रश्न: “आईला न्यायचंय. पायऱ्या किती?”

मजले लिहिले होते, पायऱ्या नाहीत.

रात्री ८
पायऱ्या फोनवर विचारून कळणाऱ्या नाहीत, मोजायलाच जावं लागणार. कठडा कुठल्या बाजूला आहे आणि मध्ये टेकायला बाक आहे का, हेही बघून यायचंय. काका पुढच्या गुरुवारी आईला घेऊन निघताहेत. त्याआधी हे पानावर हवं.