ज्याचा माल त्याचा हमाल. मग टपालाचा हमाल कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि चर्चा नोकरकपातीच्या परवानगीवर, संपाच्या नोटिशीवर रंगली. कामगाराचा रोजचा वाद मात्र बहुतेकदा याहून साधा असतो: हे काम माझं की त्याचं? बिदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या एखाद्या उपडाकघराच्या पायरीवर तो नेमका दिसतो.

टपालाची गाडी येते. ठिकठिकाणी ती कंत्राटावरची असते. चालकाचं म्हणणं, माझं काम दारापर्यंत. आतला कर्मचारी म्हणतो, माझं काम बॅग ताब्यात घेण्याचं. ताब्यात घेणं म्हणजे नुसतं उचलणं नव्हे. सील शाबूत आहे का, लेबल कुठलं, यादीत जितक्या बॅगा लिहिल्यात तितक्या उतरल्या का, हे पाहून मग सही. सील तुटलेलं निघालं तर जबाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणजे जबाबदारी कुणाची हे कागदावर चोख असतं. कणा कुणाचा वाकायचा, तेवढं मोकळं राहतं.

पूर्वी पदाच्या नावातच उत्तर असायचं: पॅकर, पोर्टर, मेलमन. सहाव्या वेतन आयोगानंतर गट 'ड' मधली ही पदं 'मल्टी टास्किंग स्टाफ' या एका नावात गेली. पगाराच्या दृष्टीनं ते बरंच झालं, पण 'बहुकामी' म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं? त्याच्याही खाली ग्रामीण डाकसेवक. १९७७ च्या राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला नागरी पदाचा धारक मानलं, तरी तो नियमित सेवेबाहेरच राहिला. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर, २०१८ पासून, त्याचं काम दिवसाला चार किंवा पाच तासांचं ठरलं. गाडी उशिरा आली तर थांबायचं त्यानंच.

मग लवाद का नेमत नाहीत? मला सगळ्यात बोचते ती हीच गोष्ट. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिच्यात सक्तीच्या लवादाची तरतूद आहे, पण विषय तीनच: वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा. बॅग कुणी उतरवायची, हा प्रश्न त्या यादीत नाही.

अमेरिकेत हाच वाद पुरेपूर लढला गेला. तिथल्या टपाल खात्यानं १९७९ मध्ये कामनिहाय वाटप लेखी जाहीर केलं. धक्क्यावरची चढउतार मेल हँडलरकडे दिली. भांडणं त्यानंही मिटली नाहीत. १९९२ मध्ये खातं आणि दोन संघटनांनी मिळून याच वादांसाठी वेगळी यंत्रणा उभी केली, शेवटी लवादापर्यंत जाणारी. पण बोट ठेवायला लेखी ओळ होती.

इतकं लांब तरी कशाला जायचं? भालकीहून उदगीरला गेलात की राज्य बदलतं. १९५६ पर्यंत दोन्ही गावं एकाच बिदर जिल्ह्यात होती. आज उदगीरचा मोंढा महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याच्या कक्षेत येतो. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून आलेल्या या कायद्यानं भरणं, उतरवणं, थप्पी लावणं हे स्वतंत्र काम मानलं. त्याला नोंदणी आणि मंडळ दिलं. वाहतूकदार आजही 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत हमालीवरून भांडतात, पण उतरवण्याला दाम असतो हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. टपालात ही मान्यताच नाही. पत्र पाठवणाऱ्याचं, मिळणार दुसऱ्याला आणि वाटेत खात्याचं. वाटेतलं ओझं खात्याचं असेल तर उतरवणीही खात्यानंच मोजून, माणूस नेमून केली पाहिजे.

मला यातून एक वाट दिसते. गाडीची वाट पाहणं आणि बॅगा उतरवणं यात जाणारा वेळ नोंदवहीत मांडला, तर नियमित कर्मचाऱ्याचा प्रश्न 'कामाचे तास' या विषयात बसवता येईल आणि लवादाचं दार उघडेल. संघटनांनी ती नोंद आजपासून ठेवावी. डाकसेवकासाठी ही वाटही खुली नाही. त्याला खात्याचा लेखी आदेशच हवा. गाडीची वेळ ठरलेली असतेच. त्याच वेळापत्रकात उतरवणाऱ्याचं पदही लिहावं, आणि गाडी चुकली तर थांबण्याचे पैसे कुणाला मिळणार, तेही.