पडद्यावर कैवारी, पडद्यामागे मिठाची गुळणी

सिनेमातला नायक शेवटच्या रिळात धावत येतो आणि गुंडांच्या तावडीतून बाईची अब्रू वाचवतो. (अब्रू नेहमी बाईचीच जाते, गुंडाची कधीच नाही!) थिएटरात शिट्ट्या वाजतात. आपली पोरेही वाजवतात. पण या नायकांच्याच संघटनेतल्या एका अभिनेत्रीवर खरोखर असा प्रसंग ओढवला तेव्हा काय झाले, हे केरळच्या मल्याळम चित्रसृष्टीने साऱ्या देशाला दाखवून दिले आहे.

१७ फेब्रुवारी २०१७ ची रात्र. त्रिशूरहून कोचीला निघालेल्या एका नामवंत अभिनेत्रीचे अपहरण झाले, धावत्या मोटारीत तिच्यावर अत्याचार झाला व त्याचे चित्रणही करण्यात आले. बाई गप्प बसली नाही. तिने सरळ पोलिसांत तक्रार दिली. जुलैमध्ये कटाच्या आरोपावरून एका बड्या नटाला अटक झाली आणि नटनट्यांच्या 'अम्मा' या संघटनेने त्याला काढून टाकले. अम्मा म्हणजे आई! पण जून २०१८ च्या सभेत, खटल्याची सुनावणी सुरूही झाली नव्हती तेव्हा, या आईने लेकाला परत पोटाशी धरले. लेक मात्र घराबाहेर पडली. तिच्यासोबत आणखी तीन अभिनेत्रींनी राजीनामे दिले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये एर्नाकुलमच्या न्यायालयाने सहा जणांना २० वर्षांची सक्तमजुरी दिली आणि तो नट निर्दोष सुटला. न्यायालयाचा निकाल त्याच्या जागी. पण २०१८ साली संघटनेच्या हाती कोणता निकाल आला होता?

या घटनेनंतर तिथल्या महिला कलावंतांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' ही आपली वेगळी संघटना उभारली. त्यांच्या मागणीवरून सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी या दोघी सदस्य. तिघीही बायका. समितीवर एक कोटीहून अधिक रुपये खर्च झाले. ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल मुख्यमंत्र्यांच्या हाती पडला. तो लोकांना केव्हा वाचायला मिळाला? १९ ऑगस्ट २०२४ रोजी, तोही माहिती आयोगाने आदेश दिल्यावर आणि बरीच पाने गाळून! मी कारकून माणूस. फाईल अडकते कशी आणि अडकवली जाते कशी, यातला फरक मला कळतो. साक्षीदार महिलांची नावे गुप्त ठेवायची, हे कारण रास्तच आहे. पण नावे खोडायला साडेचार वर्षे लागत नाहीत. समिती नेमणारे सरकार आणि अहवाल दाबून ठेवणारे सरकार एकच होते, आणि तेही पुरोगामी म्हणवणारे.

अहवालात काय निघाले? दहा-पंधरा वजनदार पुरुषांचा एक 'पॉवर ग्रुप' सगळा धंदा मुठीत ठेवतो. त्यांच्याविरुद्ध बोलणारीचे काम बंद. भूमिकेच्या बदल्यात शरीर मागण्याला तिथे 'अॅडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रमाईज' असे गोंडस शब्द आहेत. रात्री हॉटेलात बायकांच्या खोल्यांची दारे ठोठावली जातात. हे वाचून संताप येतोच. मला मात्र जास्त टोचली ती संडासाची गोष्ट. शूटिंगच्या ठिकाणी बायकांना ना संडास, ना कपडे बदलायला आडोसा. म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवीचे विकार जडवून घेतात. नाक्यावर, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे समजावून सांगायला नको! त्यातही गर्दीत उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्ट बायांचे हाल सर्वांत वाईट. लेखी करार नाही, मजुरीत एजंटाचा वाटा, आणि कलाकार म्हणून गणतीही नाही.

अहवाल बाहेर येताच आरोपांची रीघ लागली. २७ ऑगस्ट २०२४ ला 'अम्मा'ची सतरा जणांची कार्यकारिणी अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह पायउतार झाली. खुर्ची सोडली की उत्तर देण्याची जबाबदारीही सुटते, अशी सोयीची समजूत असावी. पोलिसांनी गुन्हे नोंदवले, पण २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांच्या फाईली बंद होत गेल्या, कारण जबाब द्यायला बायका पुढे येईनात. कशा येतील? उद्याचे काम त्याच लोकांच्या हातात!

हा दुटप्पीपणा आजचा नाही. मल्याळममधल्या पहिल्या चित्रपटाची, 'विगतकुमारन'ची नायिका पी. के. रोझी ही पुलय समाजातली, गवत कापून पोट भरणारी मुलगी. तिने पडद्यावर नायर स्त्री रंगवली म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले, तिचे घर जाळले गेले आणि ती तमिळ मुलखात परागंदा झाली. दिग्दर्शक जे. सी. डॅनियल यांच्या नावे केरळ सरकारचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार १९९२ पासून आहे. रोझीचे नाव एका फिल्म सोसायटीला मिळाले ते २०१९ मध्ये, आणि तेही या लढणाऱ्या महिलांनी दिले.

मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने शूटिंगच्या युनिटलाही तक्रार समिती बंधनकारक ठरवली. तिला आधार आहे २०१३ च्या कायद्याचा. त्या कायद्यामागे आहे राजस्थानातली भंवरीदेवी. कुंभार जातीच्या या बाईने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटले, पण तिच्यामुळे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'विशाखा' निकाल आला.

हा कायदा नट्यांपुरता नाही. घरकाम करणारी बाई, दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यातली कामगार, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेली कोणतीही स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देणे हे समितीचेच काम आहे, आणि तक्रार करणारीचे नाव छापायला कायद्याने बंदी आहे. चौकशी जिल्हाधिकारी कचेरीत करावी.