नरक्याचें झाड आणि कर्करोगावरील औषध

आमच्या घोडबंदर गांवीं परिचयांतील एका वृद्ध गृहस्थांस कर्करोग झाल्याचें समजतांच कोणीं एकानें त्यांस नरक्याच्या सालीचा काढा घेण्याचा सल्ला दिला. “प्रयोगशाळेंत या झाडाच्या सत्त्वानें रोगाच्या पेशी मेल्या आहेत, काका,” असा दाखलाही दिला. दाखला खरा होता. अनुमान मात्र चुकीचें होतें. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. नोंद खरी असूनही तिचा अर्थ भलताच लावला जातो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. म्हणून ही हकीकत कास्तकार बंधूंपुढें ठेवीत आहों.

नरक्या हें सह्याद्रीच्या जंगलांतील झाड; त्याच्या फुलांस दुर्गंधी येते. इ. स. १९६६ मध्यें अमेरिकेंत मनरो वॉल व आपल्या नंदुरबारांत जन्मलेले मनसुख वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. पुढें १९७२ सालीं गोरेगांवच्या सिबा संशोधन केंद्रांतील गोविंदाचारी व विश्वनाथन यांस तेंच द्रव्य नरक्यांत भरपूर आढळलें.

आतां परीक्षा कशी होते तें पाहूं. काचपात्रांत रोगट पेशी वाढवून त्यांवर द्रव्य कमीअधिक प्रमाणांत सोडतात. शेजारीं कांहीं पेशी द्रव्यावांचून ठेवतात. आपण खताची परीक्षा घेतांना एक वाफा बिनखताचा राखतों, तसाच हा प्रकार. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांतील आनुवंशिक धाग्याचा पीळ सोडविणारें एक विकर असतें. कॅम्प्टोथेसिन त्यास धाग्यावरच अडकवितें व पेशी मरते, हें १९८५ सालीं उलगडलें.

परंतु निरोगी पेशींतही तेंच विकर असतें. म्हणूनच १९७० नंतरच्या पहिल्या प्रयोगांत रोग्यांच्या अस्थिमज्जेस व मूत्राशयास इजा पोंचली आणि ते प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनज्ञांनीं द्रव्याच्या घडणींत फेरफार केले. त्यांतून झालेल्या टोपोटेकन व इरिनोटेकन या औषधांस अमेरिकेंत १९९६ सालीं मान्यता मिळाली. काचपात्रापासून रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचावयास तीस वर्षें लागलीं! काढ्यांत मात्रेचें माप नाहीं, रक्ताची तपासणी नाहीं. तेव्हां तो औषध नव्हे, विषच होय.

दुसरी गोष्ट झाडाची. मागणीपायीं सह्याद्रींत नरक्याची बेसुमार तोड झाली आहे. ज्यांच्या मालकी रानांत हीं झाडें असतील त्यांनीं व्यापाऱ्याच्या रोख रकमेस भुलून तीं मुळासकट देऊं नयेत. वन खात्याच्या परवानगीवांचून तर तोडूंच नयेत. बियांपासून रोपें करून तीं रानांत वाढवावीं, हेंच शहाणपणाचें.

असो. त्या वृद्ध गृहस्थांनीं काढा बाजूस ठेविला व परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरली. आपल्या घरीं असा प्रसंग आल्यास वाचकांनींही एक दिवस न दवडतां तेंच करावें, एवढीच विनंति.