स्पॅनिशमधील ‘पोर’ आणि ‘पारा’ : मराठी शब्दयोगी अव्ययांच्या आधारे अर्थभेद

स्पॅनिशच्या प्रारंभिक वर्गात मराठीभाषक विद्यार्थ्याची हमखास गल्लत होते ती ‘पोर’ व ‘पारा’ या, नामापूर्वी येणाऱ्या, दोन अव्ययांत. मुंबईत परकीय भाषांचे अध्यापन बहुधा इंग्रजीतून होते. दोहोंचा अर्थ ‘फॉर’ असा सांगितला जातो, विद्यार्थी मनातल्या मनात त्याचे ‘साठी’ करून घेतो आणि भेद तेथेच लोपतो. प्रस्तुत लेखात तो मराठीच्याच आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गिरगावातून दादरला निघालेली व्यक्ती लालबागवरून जाते असे समजू. स्पॅनिशमध्ये दादरपूर्वी ‘पारा’ येईल व लालबागपूर्वी ‘पोर’. पहिल्याची दृष्टी मुक्कामावर, दुसऱ्याची वाटेवर. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘पारा’चे रूप ‘पोरा’ असे होते. म्हणजे ‘पोर’ला दिशादर्शक ‘आ’ जोडलेला. कालवाचक प्रयोगांतही हेच दिसते. ‘पारा मान्याना’ म्हणजे उद्यापर्यंत. ‘पोर ला मान्याना’ म्हणजे सकाळच्या वेळात. निबंध कधी सादर करावयाचा, याचे उत्तर एवढ्याने बदलते.

खरी अडचण कारण व प्रयोजन यांच्या सीमेवर आहे, आणि तिला आपले शालेय व्याकरणही काहीसे जबाबदार आहे. ‘साठी’, ‘करिता’, ‘प्रीत्यर्थ’ आणि ‘स्तव’ ही सारी तेथे ‘हेतुवाचक’ या एकाच वर्गात बसविली जातात. वस्तुतः ‘आजारपणास्तव रजा’ यात कारण मागे आहे, तर ‘उपचारांसाठी रजा’ यात प्रयोजन पुढे आहे. पहिल्यास ‘पोर’, दुसऱ्यास ‘पारा’. संस्कृत जाणणाऱ्यास हे लवकर उमगावे : हेत्वर्थी तृतीया ‘पोर’शी जुळते, तादर्थ्याची चतुर्थी ‘पारा’शी. ‘पैशासाठी केले’ हे वाक्य संदिग्ध राहते. ‘पैशापायी केले’ म्हटले की ‘पोर’ निश्चित होते.

‘त्राबाहो पारा मी एर्मानो’ म्हणजे मी भावाकडे नोकरीस आहे. येथे ‘पोर’ घातल्यास, मी भावाखातर किंवा भावाच्या जागी काम करतो, असा अर्थ होतो. गैरहजर कायम कामगाराच्या जागी उभा राहणारा परळ-लालबागच्या गिरण्यांतील ‘बदली’ कामगार हा या ‘पोर’चा चोख दाखला होय. आपल्या व्याकरणात ‘ऐवजी’, ‘बद्दल’, ‘बदली’ यांना विनिमयवाचक असा स्वतंत्र वर्ग आहे. वस्तूबद्दल दिलेली किंमतही त्यातच येते, व तेथेही ‘पोर’च.

आभाराच्या प्रयोगात एक नवी चूक शिरते. ‘मदतीबद्दल आभार’ म्हणणारा विद्यार्थी ‘ग्रासियास पोर’ सहज साधतो. अलीकडे रूढ होत असलेल्या, इंग्रजी वळणाच्या ‘मदतीसाठी धन्यवाद’ची सवय जडलेला मात्र ‘ग्रासियास पारा’ लिहितो. येथे मराठीचे शैथिल्यच स्पॅनिशमध्ये उतरते.

हा ताळा सर्वत्र लागू पडतो असे नव्हे. पाव आणावयास जाणे हे उघड प्रयोजन असूनही स्पेनमध्ये ‘बॉय अ पोर पान’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत ‘बॉय पोर पान’. असे प्रयोग विद्यार्थ्याने सबंध वाक्यांसह पाठ करावेत, हेच बरे.