परगावी खोली शोधताना : पायरी, मोरी आणि भाडे



ऊस, पाणी, खत आणि बिलाचा हप्ता यापलीकडचा एक विषय या अंकात घेतला आहे. आपल्या घरची मुलं आता शिकतात, परीक्षा देतात आणि नोकरी लागते ती सांगलीला, पुण्याला, कुठंतरी लांब. मग पहिली पंचाईत होते ती खोलीची. धडधाकट पोरगं चार दिवसांत कुठंही पथारी टाकतं. दोघांत तिसरा म्हणून राहतं, तिसऱ्या मजल्यावर राहतं, संडास खाली असला तरी भागवतं. पण ज्याचे पाय चालत नाहीत त्याने काय करावे? परवडेल आणि आतही जाता येईल अशी खोली परगावी कशी मिळते, हे आम्ही गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाबरोबर तीन दिवस सांगलीत फिरून पाहिले. जे दिसले ते इथे मांडत आहोत.

हे सभासद आपल्या कार्यक्षेत्रातलेच. नाव छापू नका असे त्यांच्या मुलाने बजावले आहे, म्हणून छापत नाही. मुलगा सत्तावीस वर्षांचा. पाच वर्षांपूर्वी उसाची ट्रॉली पलटी झाली, त्यात मणक्याला मार बसला. कमरेखाली संवेदना नाही, चाकाच्या खुर्चीवर असतो. पण पोरगं जिद्दीचं. अंथरुणावर अभ्यास केला, परीक्षा दिली आणि सांगलीच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातलीच ही एक. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती.

गावाहून रोज जाऊन-येऊन करावे, असा आधी विचार निघाला. अंतर अडतीस किलोमीटर. एस. टी.च्या भाड्यात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीची पायरी चढवायला कोण आहे? खुर्ची टपावर आणि माणूस दोघांच्या खांद्यावर, असं महिन्यातून एकदा चालेल, रोज नाही. मग घरातून दुसरी सूचना आली की आईने बरोबर जाऊन राहावे. त्याला मुलानेच नकार दिला. घरी चार दुभती म्हशी आहेत, त्यांचे सगळे आईच बघते. मुलगा म्हणाला, "आई आली तर मला नोकरी लागली असं होत न्हाई, आईला दुसरी नोकरी लागली असं होतंय." वडील गप्प झाले. एकट्याने राहायचे ठरले आणि मग खोली शोधायला आम्ही निघालो.

निघताना खिशात टेप घेतला होता. खुर्चीची रुंदी मोजली, ती सव्वीस इंच भरली. हा एक आकडा तीन दिवस आमच्या तोंडात होता. सांगलीत, आणि सांगलीतच कशाला, आपल्या सगळ्याच गावांत, संडास-बाथरूमचा दरवाजा साधारण दोन-सव्वादोन फुटांचा बसवतात. दोन फूट म्हणजे चोवीस इंच. मग खोली कितीही हवेशीर असो, पोरगं आत कैद. पहिल्या दिवशी सात खोल्या पाहिल्या, त्यातल्या पाच या दोन इंचांनी गेल्या.

स्वस्त खोल्या कुठे असतात? एकतर वरच्या मजल्यावर, नाहीतर मागच्या बोळात. बोळात गटारावर शहाबादी फरशी टाकलेली, ती एका बाजूने उचललेली. पुढे दोन-तीन पायऱ्या, मग उंबरा. आत गेलो की कोपऱ्यात मोरी आणि मोरीला चार बोटांचा कट्टा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. स्वयंपाकाचा कडप्पा कमरेच्या वर. दिव्याची बटणं उभ्या माणसाच्या हाताशी. यात कुणाचा दुष्टावा नाही. गवंड्याला बांधायला सांगताना बसून जगणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो, एवढेच. तळमजल्यावरची, रस्त्यालगतची, पक्क्या बाथरूमची खोली पाहिली की भाडे एकदम दीडपट होते. म्हणजे ज्याची मिळकत कमी आणि औषधपाण्याचा खर्च जास्त, त्यालाच महाग खोली घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी गावभागात एक खोली मिळाली. जोते जेमतेम सहा इंच, दार रुंद, जुन्या वाड्याचा सोपा असल्याने आत ऐसपैस, आणि भाडे फक्त साडेतीन हजार. तात्या, म्हणजे मुलाचे वडील, तिथल्या तिथे पैसे काढायला लागले. मुलाचे लक्ष मात्र भिंतीकडे होते. छातीएवढ्या उंचीवर रंगाखालून एक मळकट रेघ दिसत होती. घरमालक प्रामाणिक माणूस. त्यांनी आपणहून सांगितले, "एकोणीस सालच्या पुराची हाय ती. पाणी चढाय लागलं की आम्ही वरच्या माडीला जातो. ह्याला कोण उचलणार? आम्हीच म्हातारे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैतही पुन्हा पूर आला. चाकावरच्या माणसाला तळमजलाच लागतो, आणि नदीकाठच्या गावात पुराचे पाणी आधी तळमजल्यातच शिरते. हा पेच आम्हाला कुठल्याही सरकारी पत्रकात वाचायला मिळाला नाही. खोली सोडून दिली. तात्यांना दिवसभर हळहळ वाटत होती.

विश्रामबागेकडे जागा उंचावर आहे, तशी भाडीही उंचावर. तिकडे खोलीपेक्षा माणसांनीच जास्त वेळा अडवले. एका ठिकाणी काकूंनी चहा दिला, पोराची चौकशी केली, डोळ्यांत पाणी आणले आणि खोली द्यायची नाही म्हणाल्या. "रात्री काय झालं तर जबाबदारी कुणाची?" एकांना चाकाने फरशी खराब होईल अशी धास्ती. एकांनी दुप्पट डिपॉझिट मागितले. एकांनी "घरच्यांपैकी कोणी सोबत राहत असेल तरच" अशी अट घातली. सगळे तात्यांशी बोलत होते. ज्याला राहायचे आहे, ज्याच्या पगारातून भाडे जायचे आहे, त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी मुलगाच म्हणाला, "मावशी, सहीला मी हाय. मला इचारा."

कायदा आहे की, असे वाचक म्हणतील. आहे. १९९५ चा कायदा जाऊन २०१६ चा आला, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर सरकारी घरकुल योजनांत आणि जमीनवाटपात ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही स्त्रियांना अग्रक्रम. म्हाडाच्या सोडतीत अपंगांचा वेगळा गट असतो. ग्रामीण घरकुलाची जुनी इंदिरा आवास योजना १९८५ ची, तिच्या जागी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली. २५ चौरस मीटरचे घर आणि मैदानी भागात १ लाख २० हजारांचे मूळ अनुदान. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे, आणि राज्यात डिसेंबर २०२२ पासून यासाठी स्वतंत्र खातेही झाले. शब्दही बदलला, अपंगाचे दिव्यांग झाले. पण नीट पाहिले तर घरकुल मिळते ते आपल्या गावात. सोडत लागायला नशीब लागते, आणि लागलीच तर ताबा मिळायला काळ जातो. पंधरा दिवसांत परगावी जाऊन भाड्याने राहायचे त्याला यातले काही उपयोगी पडत नाही. खाजगी खोलीला ५ टक्क्यांचे आरक्षण लागू नाही. तरी दाखला आणि त्याचे स्वावलंबन कार्ड काढून ठेवावेच, ते देशभर चालते आणि पुढे लागते.

शिकणाऱ्या मुलामुलींची गोष्ट थोडी वेगळी. नसीमा हुरजूक या स्वतः चाकाच्या खुर्चीवरच्या बाईंनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अपंग मुलांसाठी वसतिगृह उभे केले. मुळात उतार आणि संडास नीट केले, म्हणून ती मुले शाळा-कॉलेजला जाऊ शकली. नोकरीवाल्याला मात्र असा आसरा क्वचितच असतो.

तिसऱ्या दिवशी खोली मिळाली ती आपल्याच एका सभासदाची, दुसऱ्या गटातले. सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला त्यांनी चार खोल्या भाड्यासाठी बांधल्या आहेत. पुराचे पाणी तिथे आलेले नाही. भाडे साडेपाच हजार. खोली काही खास नाही. जोते चौदा इंच, संडासचा दरवाजा तोच चोवीस इंच. पण त्यांनी पहिल्यांदा विचारले, "काय-काय बदलाय लागंल, सांगा." तिथेच निम्मे काम झाले.

हिशेब साधा आहे. खुर्ची स्वतःच्या हाताने चढवायची तर एक इंच उंचीला एक फूट लांबीचा उतार लागतो. चौदा इंचांना चौदा फूट. अंगणात जागा नऊच फूट, म्हणून उतार भिंतीकडेने नेऊन मध्ये वळवला. वळणावर खुर्ची फिरेल असा पाच फुटांचा चौरस सपाट ठेवला. गवंडी म्हणत होता, एवढा लांब कशाला, पाच फुटांत उतरवतो. तसा केला असता तर माणूस पाठीवर पडला असता. संडासची चौकट काढून बत्तीस इंचांचा, बाहेर उघडणारा दरवाजा बसवला. मोरीचा कट्टा फोडून फरशीला ढाळ दिला. भिंतीला दोन लोखंडी दांड्या. सगळे मिळून साडेचौदा हजार लागले. निम्मे मालकांनी सोसले, निम्मे मुलाने दिले. कराराच्या कागदावर स्पष्ट लिहून घेतले की उतार कायम राहील आणि खोली सोडताना पाडून द्यायची जबाबदारी भाडेकरूची नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ती जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर आहे. आपल्याकडे तोंडी व्यवहाराची सवय फार, म्हणून मुद्दाम सांगितले.

मुलगा मुदतीच्या दोन दिवस आधी हजर झाला. कडप्पा अजून उंचच आहे. गॅसची शेगडी त्याने खाली चौरंगावर घेतली आहे. भाकरी थापता येते, पण डब्याचा खर्च परवडतो तोवर डबाच बरा, असे म्हणतो. पावसात उतार शेवाळतो, त्यावर वाळू-सिमेंटचा खरबरीत हात मारायचा राहिला आहे.

आता आपल्याकडचे काम. सांगली, मिरज, कराड, कोल्हापूर, पुणे इथे आपल्या शेकडो सभासदांच्या खोल्या आहेत, आणि दर वर्षी नव्या बांधल्या जातात. बांधतानाच एका खोलीचे दार तीन फुटांचे ठेवले तर खर्चात फरक नावालाच पडतो. ज्यांची खोली रिकामी आहे किंवा होणार आहे, त्यांनी गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत भाडे आणि डिपॉझिट लिहावे. त्याबरोबर बाहेर पायऱ्या किती व किती उंच, संडासचा दरवाजा किती इंचांचा, आणि २०१९ ला पाणी आत आले होते का, हेही लिहावे. पुढच्या अंकापासून ही यादी शेवटच्या पानावर छापू. ज्यांना खोली हवी आहे त्यांनी खुर्चीची रुंदी मोजून कळवावी.