पुठ्ठ्याची चकती आणि लोकरीचा ससा

व्यापारी कुटुंबात खोक्यांना तोटा नसतो. दुकान कापडाचे असो, भांड्यांचे असो वा औषधांचे, सकाळी माल उतरला की दुपारपर्यंत रिकाम्या खोक्यांची चळत मागच्या दाराशी उभी राहते आणि रद्दीवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो. घरातही हीच गत आहे. नातवासाठी मागविलेले खेळणे मोठ्या खोक्यातून येते. खेळण्याची नवलाई चार दिवस टिकते. खोके तर त्याच दिवशी घराबाहेर पडते. त्याच घरात, कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, कधीकाळी विणलेल्या स्वेटरांतून उरलेल्या लोकरीचे लहानमोठे गुंडे एका पिशवीत वर्षानुवर्षे पडून असतात. टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत.

या दोन उरलेल्या वस्तूंपासून एक गुबगुबीत ससा तयार होतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, सुयांवर विणता येण्याची गरज नाही, आणि आजीला व नातवंडांना एकत्र बसविणारी एक दुपार मात्र हाती लागते. त्या सशाची कृती पुढे दिली आहे. हे काम करताना मुलांच्या हाताला आणि मनाला काय मिळू शकते, याचाही थोडा विचार केला आहे.

गोंडा : आपल्या घरचीच वस्तू

आज बाजारात ज्याला ‘पॉमपॉम’ म्हणतात तो आपला गोंडाच. पोळ्याला सजविलेल्या बैलाच्या शिंगांवर, बाळाच्या कुंचीच्या टोकाला, दाराच्या तोरणाला, लमाण स्त्रियांच्या रंगीबेरंगी पोशाखावर तो आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. त्याची रचना अगदी सोपी आहे. समान लांबीचे पुष्कळ धागे मध्यभागी करकचून बांधले की दोन्हीकडची टोके एकमेकांना ढकलत सर्व दिशांना पसरतात आणि आपोआप चेंडूचा आकार येतो. धागे जितके अधिक आणि गाठ जितकी घट्ट, तितका गोंडा भरीव व गुबगुबीत होतो. मोठा गोंडा म्हणजे सशाचे अंग, मध्यम गोंडा म्हणजे डोके आणि लहानसा गोंडा म्हणजे शेपूट.

लहान दुकानांतून निघालेली खेळणी

कापडाची मऊ जनावरे आज जगभर विकली जातात. त्यांचा उगम मात्र मोठ्या कारखान्यांत झालेला नाही. जर्मनीतील गिंगेन या गावी मार्गारेट श्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी स्त्री राहत असे. बालपणीच पोलिओ झाल्यामुळे तिचे पाय अधू होते आणि उजव्या हाताने काम करतानाही तिला त्रास होई. १८८० च्या सुमारास तिने फेल्ट नावाच्या दाबीव कापडाचा एक छोटा हत्ती केला. तो टाचण्या खोचून ठेवण्यासाठी होता. पण घरोघरच्या मुलांनी तो उचलला आणि खेळायला घेतला. त्या हत्तीपासूनच पुढे तिचा खेळण्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

‘टेडी बेअर’ची कथाही अशीच आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीसाठी गेले होते. दिवसभर सावज मिळाले नाही, म्हणून बरोबरच्या मंडळींनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले आणि त्यांना गोळी झाडण्यास सांगितले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडणे त्यांनी नाकारले. त्या प्रसंगाचे व्यंगचित्र वर्तमानपत्रात आले आणि ते पाहून ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचे छोटे दुकान चालविणाऱ्या मॉरिस व रोझ मिक्टम या दांपत्याने कापडाचे अस्वल शिवून दुकानाच्या काचेत ठेवले. ते अतोनात खपले. या गोष्टीची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. जखमी झालेल्या त्या अस्वलाला नंतर मारूनच टाकण्यात आले होते. बाजाराने दयेचा भाग उचलला आणि उरलेला भाग विसरला. खेळण्यातील प्राण्यावर जीव लावणाऱ्या माणसाला खऱ्या प्राण्याचा विसर पडू शकतो, एवढे त्यातून ध्यानात येते.

साहित्य

पन्नास ग्रॅम लोकर एका सशाला साधारणपणे पुरते. एकाच रंगाची असावी असे नाही; उरलेल्या तुकड्यांची सरमिसळ केल्यास ठिपक्यांचा ससा होतो. पुठ्ठ्यासाठी कोणत्याही रिकाम्या खोक्याची एक बाजू घ्यावी. कानांकरिता शर्टाच्या घडीत येणारा पातळ पुठ्ठा उत्तम. याशिवाय कापडाचे छोटे तुकडे, धारदार कात्री, मजबूत सुती दोरा, काळा व गुलाबी धागा, फेव्हिकॉल आणि गोल काढण्यासाठी वाटी किंवा कंपास लागेल.

एक पथ्य मात्र पाळावे. टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी बाजारातून पाच नव्या वस्तू आणणे यात काटकसर नाही. प्रथम घरातील पिशवी रिकामी करावी. लोकर कमी पडली तर ससा लहान करावा.

कृती

१. खोक्याच्या पुठ्ठ्याची कड मुलांना नीट पाहू द्यावी. वर-खाली दोन सपाट कागद आणि मध्ये लाटांसारखा दुमडलेला तिसरा कागद असतो. याच्यामुळेच हलके खोके जड माल पेलते. व्यापारी ज्याला ‘तीन प्लाय’ म्हणतात ते हेच. अंगासाठी नऊ सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापून तिच्या मध्यभागी तीन सेंटिमीटरचे भोक पाडावे. अशा दोन चकत्या घ्याव्यात. डोक्यासाठी साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या व दोन सेंटिमीटर भोकाच्या आणखी दोन कापाव्यात. चकतीच्या बाहेरील व्यासाएवढाच जवळजवळ गोंड्याचा आकार येतो.

२. प्रत्येक चकतीला कडेपासून भोकापर्यंत बोटभर रुंदीची फट कापावी, म्हणजे ती तुटक्या बांगडीसारखी दिसेल. फटीतून लोकरीचा गुंडा सहज आत-बाहेर करता येतो आणि शेवटी चकती न फाटता निघते. दोन चकत्या एकमेकींवर ठेवताना फटी जुळवाव्यात. पण पुठ्ठ्यातील लाटांच्या रेषा एकीच्या उभ्या, तर दुसरीच्या आडव्या राहतील अशा बेताने फटी कापलेल्या असाव्यात. एवढी दक्षता घेतली की वेढे घेताना चकत्या दुमडत नाहीत.

३. आता जोडचकतीवर लोकर गुंडाळण्यास आरंभ करावा. भोकातून आत, कडेवरून बाहेर, पुन्हा भोकातून आत. फटीची जागा सोडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे आणि त्याच वाटेने परत यावे. धागा फार ताणू नये. मधली जागा जवळजवळ बुजेपर्यंत थर चढवीत राहावे. मुलांचा धीर इथेच सुटतो. ‘झाले ना आता?’ असा प्रश्न तीन-चार वेळा येतो. तेव्हा दोन फेऱ्या आजीने घ्याव्यात व दोन नातवाने. घाईने थांबविलेला गोंडा विरळ होतो आणि आतली गाठ दिसू लागते.

४. पुढचे काम मोठ्यांचे. कात्रीचे पाते दोन चकत्यांच्या मध्ये घालून बाहेरच्या कडेवरील सर्व वेढे कापावेत. या वेळी मुलाने चकत्या मध्यभागी दाबून धरल्यास धागे निसटत नाहीत. नंतर सुती दोरा दोन्ही चकत्यांच्या मधून फिरवून, शक्य तितका ओढून, दुहेरी गाठ मारावी. दोऱ्याची टोके वीतभर लांब राखावीत. त्यानंतर चकत्या अलगद काढून घ्याव्यात.

५. दुसरा गोंडा याच रीतीने करावा. शेपटीसाठी चकतीची गरज नाही. दोन बोटांभोवती तीसेक वेढे घेऊन मध्ये बांधावेत व दोन्हीकडची वळणे कापावीत. मग डोक्याच्या व अंगाच्या गोंड्यांतील दोऱ्यांची टोके एकमेकांना घट्ट बांधली की मान तयार होते. शेपूटही तशीच मागे बांधावी.

६. पातळ पुठ्ठ्याची सहा सेंटिमीटर लांबीची दोन पाने कापून दोन्ही बाजूंनी कापड चिकटवावे, की कान तयार. त्यांची खालची टोके लोकर बाजूला सारून आत खोल बसवावीत. डोळ्यांसाठी काळ्या धाग्याच्या जाड गाठी व नाकासाठी गुलाबी धाग्याचे दोन टाके पुरेत. शेवटी खोक्याच्या पुठ्ठ्याचा आठ सेंटिमीटरचा गोल, पुढे दोन पंजे ठेवून कापावा आणि अंगाखाली चिकटवावा; म्हणजे ससा लवंडत नाही.

७. राहिली ती छाटणी. न्हाव्याप्रमाणे थोडे थोडे कापावे आणि वरचेवर दुरून पाहावे. गाल गोल राखले व डोळ्यांपुढची लोकर थोडी कमी केली की निर्जीव गोळ्याला एकाएकी चेहरा येतो. तो क्षण मुलांनी पाहिलाच पाहिजे.

वेढे घेताना सांगायची गोष्ट

वेढे घेण्याचे काम संथ आहे, आणि संथ काम गोष्टीला पोषक असते. सशासाठी आपल्याकडे एक गोष्ट जणू तयारच आहे. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमाच्या पहिल्या अध्ययनातील मेघकुमाराच्या पूर्वजन्मीचा हत्ती पुष्कळांना ठाऊक असेल. वनात वणवा लागला. हत्तीने आधीच गवत-झुडपे काढून मोकळ्या केलेल्या जागेत सारे प्राणी दाटीवाटीने येऊन उभे राहिले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने पाय उचलला, तोच त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा चिरडेल, म्हणून हत्तीने तो अडीच दिवस अधांतरी धरून ठेवला. वणवा शमला, प्राणी निघून गेले; पण ताठरलेला पाय टेकता आला नाही आणि हत्ती कोसळला. त्या अनुकंपेच्या बळावर तो श्रेणिक राजाचा पुत्र म्हणून जन्माला आला, आणि दीक्षेच्या पहिल्याच रात्री मन डळमळले तेव्हा भगवान महावीरांनी त्याला याच सशाची आठवण दिली.

ही गोष्ट व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि हातात सशाचे अंग आकार घेत असताना ऐकणे वेगळे. ‘अडीच दिवस म्हणजे किती तास?’ असे मूल विचारील. साठ, असे उत्तर द्यावे आणि हवे तर त्याला एक मिनिट एका पायावर उभे राहण्यास सांगावे.

आपल्या अनेक घरांत प्राण्यांच्या आकाराची मिठाई मुलांना खाऊ देत नाहीत. खेळण्यातील प्राण्याचेही डोके मोडू नये, असे आजी सांगते. नव्या पिढीला हे अतिरेकाचे वाटते. पण यशोधर राजाने केवळ पिठाचा कोंबडा बळी दिला आणि त्याची फळे त्याला जन्मोजन्मी भोगावी लागली, ही कथा सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलकचंपू’त विस्ताराने मांडली आहे. तिचा रोख पिठावर नसून मारण्याच्या भावावर आहे. या तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की लोकरीच्या सशाला जपण्याचा भावही वाया जात नाही. स्वतःच्या हाताने घडविलेला ससा मूल सहसा फेकत नाही. त्याला किती वेढे लागले, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

थोडा विवेक, थोडी काळजी

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. तो मेंढीच्या अंगावरचा नाही, त्याला कसरही लागत नाही. पण तो पेट्रोलियमपासून बनतो आणि मातीत सहजासहजी विरत नाही. म्हणून नवा आणण्यापेक्षा घरात असलेला वापरून संपविणे बरे. ज्यांना प्राणिज लोकर नको आणि कृत्रिम धागाही नको, त्यांनी सुती धागा घ्यावा. त्याचा गोंडा किंचित जड व कमी फुललेला होतो, पण छान दिसतो. चिकटविण्यासाठी सरस वापरू नये. तो प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात. मैद्याची खळ निर्दोष वाटली तरी तिला पुढे किडे लागतात आणि मग ते मारण्याचा प्रसंग ओढवतो. त्यापेक्षा फेव्हिकॉल बरा.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती हा ससा देऊ नये. ओढून निघालेले धागे तोंडात जाण्याचे भय असते. मोठ्या मुलांसाठीही मण्यांपेक्षा धाग्याचे डोळे सुरक्षित. तळाला पुठ्ठा असल्याने ससा पाण्यात धुता येत नाही. अधूनमधून झटकावा व थोडा वेळ उन्हात ठेवावा.

एक ससा झाला की मुले दुसरा मागतील, आणि लोकर शिल्लक असेल तोवर तो अवश्य करावा; मात्र तो दुसऱ्या कोणासाठी तरी असावा. दुकानातील कामगाराच्या मुलीसाठी, आजारी मित्रासाठी किंवा परगावी राहणाऱ्या आत्याच्या बाळासाठी, ते थोडे मोठे झाल्यावर. फट ठेवून कापलेल्या चकत्या पुष्कळ वेळा वापरता येतात. त्यांवर माप लिहून त्या लोकरीच्या पिशवीत ठेवाव्यात आणि शेजारच्या घरी मागणी आली तर आनंदाने द्याव्यात.