परदेशी कळफलकाची हौस : किंमत एक, खर्च दुसराच

संगणकासोबत मिळणारा कळफलक बहुतेकांना पुरेसा वाटतो. काहींना मात्र कळ दाबताना बोटाला मिळणारा प्रतिसाद, तिचा नाद, तिच्यावरील टोपणाचा रंग आणि पोत यांचा छंद जडतो. अशा हौशी मंडळींना मनाजोगा यांत्रिक कळफलक पुष्कळदा जर्मनी, जपान वा चीनमधून मागवावा लागतो. संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि पार्सल घरी येईपर्यंत होणारा खर्च यांत मोठे अंतर असते. ते आधीच लक्षात न घेतल्यास हौस मनस्तापात संपते.

कळीखाली दडलेले तंत्र

साध्या कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेले ‘एमएक्स’ स्विच या क्षेत्राचा मापदंड ठरले. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी मध्येच हलका अटकाव जाणवून देतो, तर निळा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करतो. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, कैल आदी चिनी उत्पादकांनी त्याच मापाचे स्विच बाजारात आणले आणि निवडीला मोठा वाव मिळाला.

आधी पैसे, मग उत्पादन

या छंदातील अनेक वस्तू दुकानात तयार नसतात. त्यांची ‘ग्रुप बाय’ पद्धतीने सामूहिक खरेदी होते. रचनाकार आराखडा मांडतो, इच्छुक ठरावीक मुदतीत पूर्ण रक्कम भरतात आणि किमान संख्या गाठली गेली की कारखाना काम हाती घेतो. माल हाती येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. याचा अर्थ असा की ग्राहक वस्तू विकत घेत नसतो, तर तिच्या निर्मितीस आगाऊ भांडवल पुरवत असतो. आयोजक दिवाळखोरीत निघाल्याचे वा गायब झाल्याचे प्रकार घडले आहेत. कार्डाच्या व्यवहाराबाबत बँकेकडे तक्रार करण्यास मर्यादित मुदत असते आणि माल येण्याआधीच ती उलटू शकते. म्हणून आयोजकाने पूर्वीच्या किती खरेदी प्रत्यक्ष पूर्ण केल्या, हे पाहिल्याविना पैसे भरू नयेत.

सीमाशुल्काचे गणित

भारतात शुल्काची आकारणी केवळ वस्तूच्या किमतीवर होत नाही, तर वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या मूल्यावर होते. त्यानंतर शुल्कासह झालेल्या रकमेवर आयजीएसटी लागतो. समजा, कळफलक १०,००० रुपयांचा आणि वाहतूक २,००० रुपयांची आहे. केवळ उदाहरणादाखल सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरल्यास १२,००० रुपयांवर १,२०० रुपये शुल्क आणि १३,२०० रुपयांवर २,३७६ रुपये कर होतो. एकूण खर्च १५,५७६ रुपयांवर जातो. अधिभार, कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क आणि बँकेचे परकीय चलन शुल्क याहून वेगळे. प्रत्यक्ष दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर तपासणे अगत्याचे आहे.

पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहून घेण्याची पळवाटही आता उरलेली नाही. भेटवस्तूंना असलेली ५,००० रुपयांपर्यंतची सवलत डिसेंबर २०१९मध्ये काढून घेण्यात आली. किंमत कमी दाखवल्यास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ अन्वये माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होऊ शकतो. ब्लूटूथचा कळफलक असल्यास बिनतारी उपकरणांसाठी लागणाऱ्या मंजुरीचा प्रश्न उद्भवू शकतो, तर लिथियम बॅटरीमुळे हवाई वाहतुकीवर निर्बंध येतात.

मराठी टंकलेखनाची बाजू

परदेशी टोपणांवर सहसा देवनागरी अक्षरे नसतात. इन्स्क्रिप्टची सवय असलेल्यांना त्याची अडचण भासत नाही. ‘ल’ इंग्रजी ‘एन’च्या कळीवर आणि ‘ळ’ तिथेच शिफ्टसह, हे बोटांना ठाऊक असते. मात्र ‘ड’, ‘च’ आणि ‘ट’ ही अक्षरे अनुक्रमे चौकटी कंस, अर्धविराम आणि अवतरणचिन्ह यांच्या कळांवर येतात, तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अंकांच्या ओळीत. त्यामुळे अंकांची ओळ आणि कडेच्या कळी गाळलेले अतिलहान कळफलक दिसायला देखणे असले, तरी मराठी लिहिणाऱ्याची पंचाईत करतात. जपानी मांडणीत स्पेसबार आखूड असतो आणि काही कळी अधिक असतात. मागणी नोंदवताना अमेरिकी मांडणीच निवडली आहे ना, याची खात्री करावी.

परदेशी पाठवलेली वस्तू परत करणे खर्चिक असते आणि भरलेले शुल्क सहजी परत मिळत नाही. त्यामुळे प्रथम निरनिराळ्या स्विचची छोटी चाचणीपट्टी घेऊन बोटांना काय रुचते ते पाहावे. हवा असलेला नमुना एखाद्या भारतीय विक्रेत्याकडे आहे का, याचाही शोध घ्यावा. तिथे किंमत थोडी अधिक दिसली, तरी शुल्क, प्रतीक्षा आणि दुरुस्तीचा विचार करता अनेकदा तोच सौदा स्वस्त पडतो.